लिहून देणार

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडून कर्जरोखे वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना कागदाच्या तळाशी येणारी एक लहानशी आकृती परिचयाची असेल. रकमेचा आकडा, व्याजाचा दर, मुदत, साक्षीदारांची नावे हे सारे मोडीच्या सलग वळणात लिहिलेले असते. आणि अगदी शेवटी, ज्याच्या डोक्यावर हे कर्ज बसले त्या कुणब्याच्या सहीच्या जागी, चार रेघांचा एक नांगर काढलेला असतो. शेजारी 'निशाणी नांगराची' असे शब्द असतात आणि ते अर्थातच लेखनिकाच्या अक्षरात असतात.

साहित्याच्या अभ्यासकाने या कागदाकडे संहिता म्हणून पाहावे, असे आम्हांला वाटते. दस्तऐवजांच्या मराठीत कर्ज घेणाऱ्याला 'लिहून देणार' म्हणतात आणि सावकाराला 'लिहून घेणार'. संपूर्ण मजकूर लिहून देणाराच्या प्रथमपुरुषी बोलण्यात असतो: मी तुमच्याकडून इतके रुपये घेतले, ते अमुक मुदतीत फेडीन, न फेडल्यास अमुक जमीन तुमची. पण हा 'मी' ज्याचा आहे त्याला त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही. व्याकरणाने त्याला कर्तेपण दिले. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला नांगराची निशाणी आली. विकसनशील देशांतल्या खेड्यांपर्यंत इंटरनेट कसे न्यावे, या आजच्या चर्चेचा विचार करताना आम्हांला वारंवार हा कागद आठवतो. ते का, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांच्या जमावाने सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढे हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पसरले. इतिहासाच्या पुस्तकांत 'दख्खनचे दंगे' म्हणून त्याची नोंद आहे. या उठावातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जमावाचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. सावकाराने खते आणि रोखे मुकाट्याने काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागदांची मात्र होळी झाली.

या रागामागे अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव होते, वाढवलेला शेतसारा होता. पण कागदाचेही एक स्वतंत्र कारण होते. 1859च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या हिताचा होता. परिणाम असा झाला, की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहिला जाऊ लागला, आणि त्या प्रत्येक नव्या रोख्यावर पुन्हा एक नांगर उमटू लागला. वाचता न येणाऱ्या माणसाच्या संरक्षणासाठी केलेला नियम वाचता येणाऱ्या माणसाने वापरून घेतला.

चौकशी आयोग बसला आणि 1879 साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला. त्यातल्या दोन तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावनिबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, ही एक. शेतकऱ्याला सावकाराकडून लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क आहे, ही दुसरी. पहिल्या तरतुदीने जुन्या मध्यस्थाच्या जागी सरकारी मध्यस्थ आणला. दुसरीने कागद शेतकऱ्याच्या हातात ठेवला, परंतु तो वाचायचा कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाला भिडले महात्मा फुले. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमाविषयी त्यांनी जी मागणी केली, तिचा तपशील सहसा घाईने वाचला जातो. त्यात इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य यांचे पाठ आहेत. आणि आरंभी वाचन, मोडी व बाळबोध या दोन्ही लिप्यांचे लेखन आणि हिशेब आहेत. छापील पुस्तके बाळबोधीत असताना मोडी कशासाठी? आमच्या मते उत्तर उघड आहे. सावकाराचा रोखा, कुलकर्ण्याचे दप्तर, गावचा सारा कागदोपत्री व्यवहार मोडीत होता. ज्या लिपीत आपल्यावर सत्ता चालते ती लिपी मुलाला आली पाहिजे, असा त्या मागणीचा अर्थ आम्ही लावतो. पुढल्याच वर्षी, 1883 मध्ये, पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात लेखणी हाती असलेल्या वर्गावर फुल्यांनी जो भडिमार केला आहे, तो या मागणीशेजारी ठेवून वाचावा.

आता शंभराहून अधिक वर्षांची उडी घेऊन वारणा खोऱ्यात येऊ. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावांसाठी 1998 साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाने त्याची कल्पना मांडली होती; खर्चाचा 50 टक्के भार केंद्राने, 40 टक्के राज्याने आणि 10 टक्के वारणा समूहाने उचलायचा होता. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, रोजगाराची माहिती, सारे जग या केंद्रांतून गावात येईल अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या कारभारासाठी झाला: लागणीची नोंद, कारखान्यावर गेलेल्या उसाचे वजन, खताची उचल, बिलाचा हिशेब. प्रकल्पाच्या कित्येक टीकाकारांनी याला अपयश म्हटले. आम्हांला तसे म्हणवत नाही. आपल्या उसाचे वजन किती भरले हे आपल्याच गावात कळणे, ही 1879च्या कायद्याने देऊ केलेल्या पावतीचीच पुढली पायरी होती. उणीव निराळीच होती. शेतकरी केंद्रात येई, चालकाला नाव आणि प्रश्न सांगे, चालक कळफलक बडवी आणि उत्तर सांगे किंवा छापून देई. संगणक गावात आला होता; त्याला हात मात्र लेखनिकाचाच लागत होता.

पुढे 2007च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी यांपैकी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी मोबाइलवरच्या लघुसंदेशांनी तीच कामे करून पाहिली. संगणकावर होणारे सर्व काम त्यातून झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक पसंत पडली. तंत्र साधे झाले, वेग घटला, पडदा लहान झाला. आणि तरीही माणूस आपल्या हिशेबाच्या अधिक जवळ गेला. जोडणीची प्रत केवळ तारेच्या जाडीवरून मोजणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये.

परंतु मोजमाप बहुधा तारेचेच होते. 2020 साली 'अलायन्स फॉर अफोर्डेबल इंटरनेट' या संस्थेने 'अर्थपूर्ण जोडणी'च्या चार कसोट्या मांडल्या: 4-जीचा वेग, हाती स्मार्टफोन, घरी वा कामाच्या वा शिक्षणाच्या ठिकाणी अमर्याद जोडणी आणि रोजचा वापर. 'इंटरनेट पोहोचले' या ढोबळ विधानापेक्षा हे निश्चितच पुढचे पाऊल आहे. तरी या चौकटीत भाषा नाही, लिपी नाही, आणि समोरचा मजकूर चुकीचा असेल तर तो दुरुस्त करण्याची शक्तीही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75व्या फेरीत, 2017-18 साली, भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी 14.9 टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली. शहरी कुटुंबांत ते प्रमाण 42 टक्के होते. त्यानंतर स्वस्त डेटाने चित्र पुष्कळ पालटले. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात 2017 ते 2024 या काळात सहा कोटींहून अधिक ग्रामीण व्यक्तींना प्रशिक्षण दिल्याची सरकारी नोंद आहे. ही संख्या लहान नव्हे. मात्र फुल्यांनी विचारला असता तो प्रश्न उरतोच: त्यांना आजची मोडी आली काय?

आजची मोडी कोणती, याचे एक उत्तर सातबाऱ्यात सापडते. सातबाऱ्यातील 'बारा' म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही. कोणत्या गटात कोणते पीक आहे हे पिढ्यान्पिढ्या तलाठ्याने लिहावे आणि शेतकऱ्याने त्याचा उतारा मागावा, असा रिवाज होता. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाची खरेदी या साऱ्यांची भिस्त त्या एका रकान्यावर असते. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरील ॲपमधून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि नोंद स्वतः करायची. (हा 'ॲ' संगणकाच्या युनिकोड प्रणालीत स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 साली आला, हेही जाता जाता नोंदवू.) आपल्या शेताच्या कागदावर शेतकऱ्याने स्वतः लिहावे, ही घटना छोटी नाही. 'लिहून देणार' या शब्दाला येथे प्रथमच काही खरा अर्थ येऊ लागतो.

'येऊ लागतो' एवढेच आम्ही म्हणतो. ज्याच्याकडे फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, जिच्या नावावर जमीन आहे पण फोन मुलाच्या खिशात आहे, तिच्यासाठी पुन्हा कोणीतरी 'करून देणारा' लागतो. मध्यस्थ वाईटच असतो असे नाही. गावनिबंधकही होता, वारणेचा केंद्रचालकही होता. पण त्याने भरलेले आपल्याला वाचता येते का, आणि 'हे चूक आहे' असे म्हणण्याची जागा त्या पडद्यावर आहे का, यावर सारे अवलंबून आहे. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर ठसा उमटला नाही म्हणून थांबून राहणाऱ्या मजुराची बोटे मातीकामानेच झिजलेली असतात. एकेकाळी निरक्षरतेची खूण असलेला अंगठा आता प्रवेशाची किल्ली झाला, आणि ज्याचा अंगठा कामाने पुसला गेला तोच दाराबाहेर राहिला.

आणि आपण, पदव्या घेतलेले, संहितेचे सूक्ष्म वाचन शिकणारे आणि शिकवणारे? नवे ॲप उघडताना इंग्रजीतल्या अटींची लांबलचक यादी समोर येते. तीही प्रथमपुरुषी असते: मी वाचले, मला समजले, मला मान्य आहे. आपण ती न वाचता खालच्या चौकोनात खूण करतो. त्या खुणेला काय म्हणावे, हे सुप्याच्या बाजारातल्या कुणब्याला सांगावे लागले नसते.