झेड, झिब्रा आणि डोळखांब

परवा शनिवारी जुनी हार्ड डिस्क साफ करत होतो. त्यात इंग्रजी उच्चारांच्या ॲनिमेशन्सचं फोल्डर सापडलं. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघा-तिघांनी डोळखांबजवळच्या एका शाळेसाठी रविवारी बसून केलेली. डोकं मधोमध कापल्यासारखं चित्र, आत जीभ हलते, ओठ मिटतात, मागून आवाज येतो. उघडायला गेलो तर काही उघडेना. सगळं फ्लॅशमध्ये होतं आणि ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश बंद केलं. असो.

हे उद्योग का केले ते सांगतो. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे शिकवणारे गुरुजी-बाई स्वतः एबीसीडी पाचवीत शिकलेले, तीही पुस्तकातून. मग उच्चार फळ्यावर देवनागरीत लिहायचा. गोम इथेच आहे.

झेडसाठी आपण 'झ' लिहितो. झेड, झिब्रा, झू. पोरं इमानदारीत 'झ' म्हणतात, चांगला हवा सोडून. चूक त्यांची नाही, अक्षराची आहे.

तोंडाचं चित्र काढून उच्चार शिकवायची कल्पना काही आमची नव्हे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या वडिलांनी १८६७ मध्येच जीभ-ओठांच्या ठेवणीवरून अख्खी लिपी छापली होती. तिच्यावरून बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवत. आणि आपली कंठापासून ओठांपर्यंत जाणारी वर्णमाला तर कितीतरी जुनी!

तर शाळेत लॅपटॉपवर झेडचं ॲनिमेशन लावलं. जिभेचं टोक वरच्या दातांमागे. चौथीतली एक मुलगी दोनदा बघून म्हणाली, "सर, हा तर बाजारातला ज!"

मी गार. 'जीभ'मधला ज वेगळा आणि 'बाजार'मधला वेगळा, लिहायला मात्र एकच अक्षर. झेडच्या अगदी जवळचा आवाज तिच्या तोंडात आधीपासून होता आणि आम्ही तो बाहेरून आणून देत होतो. मराठी माझीही मातृभाषा, पण मला हे सुचलं नव्हतं. (व्ही आणि डब्ल्यूचं मात्र चित्रानेच जमलं. दोन्हींना आपण 'व'च लिहितो. व्हीला दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. वर्गभर हशा.)

पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून दूरदर्शनसाठी शालेय कार्यक्रम करायची. ती २०१७ मध्ये बंद झाली. तिचा धडा टीव्हीच्या वेळेला बांधलेला, वीज गेली की धडाही गेला. पुढे याच शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड गुरुजींनी स्वस्तात टचस्क्रीन फळा उभा केला, तेव्हा धडा थांबवून पुन्हा दाखवणं शिक्षकाच्या हातात आलं. त्या मुलीलाही दोनदाच बघावं लागलं होतं.

आता त्या फायली पुन्हा करायला घेतल्यात, साध्या व्हिडिओत. झेडच्या व्हिडिओत सुरुवातीला झिब्रा होता, तो काढलाय. तिथे आता डोळखांबचा बाजार.