फळीवर चालून वाचन सुधारते का?

पहिली-दुसरीतल्या मुलाला चौकोन नीट काढता येत नाही, चेंडू झेलता येत नाही आणि वाचनही जमत नाही. अशा वेळी हात आणि डोळ्यांचा मेळ बसला की वाचन आपोआप येईल, असे पालकांना वाटते. या समजुतीला मोठा इतिहास आहे.

१८९६ साली इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, गणितात चांगला होता, नजरही उत्तम होती. पण साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. डॉक्टरांनी याला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटले. आज आपण याला डिस्लेक्सिया म्हणतो. नावातच ‘अंधत्व’ असल्याने पुढे बराच काळ दोष पाहण्यात शोधला गेला.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. लॉरेटा बेंडर यांनी नऊ आकृत्या पाहून काढण्याची चाचणी मांडली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे नेवेल केफार्ट यांनी हालचाल हाच शिकण्याचा पाया असल्याचे सांगितले. त्यांच्या तपासणीत मुलांना अरुंद फळीवर चालायला, उड्या मारायला आणि फळ्यावर वर्तुळे काढायला सांगत. चाचणीत जे कच्चे आढळेल त्याचाच सराव घ्यायचा, म्हणजे अभ्यास सुधारेल, असा हिशेब होता.

हा हिशेब चुकला. १९७३ मध्ये फ्रँक व्हेलुटिनो आणि सहकाऱ्यांनी मुलांना कधीही न शिकलेली हिब्रू अक्षरे दाखवली व आठवून लिहायला सांगितली. वाचनात मागे असलेल्या मुलांनी ती इतरांइतकीच चांगली लिहिली. म्हणजे त्यांना आकार नीट दिसत होते, लक्षातही राहत होते. अडचण अक्षराला आवाज जोडण्यात होती. १९८३ मध्ये कॅव्हेल आणि मॅटसन यांनी १८० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा सरावाचा शालेय प्रगतीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी दाखवले की शब्दांतले सारखे आवाज ओळखायला शिकवले आणि त्यांना अक्षरांची जोड दिली, तर वाचन सुधारते.

मग तपासणी निरुपयोगी आहे का? नाही. मूल सतत अडखळत असेल, बटणे लावणे किंवा पेन्सिल धरणे जमत नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. त्यासाठी वेगळे उपचार असतात आणि त्यांनी मुलाचे रोजचे जगणे सोपे होते. मात्र ते वाचनाचे उपचार नव्हेत.

वाचन अडत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग बालरोगतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. घरी यमक जुळवा, ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता ते विचारा, रोज थोडे मोठ्याने वाचा. मुलाला खेळू द्या, पण ते खेळण्याच्या आनंदासाठी. वाचनाची मदत पुढच्या वर्षावर ढकलू नका. या वयातले एक वर्ष फार मोलाचे असते.