वीस इंचांचं बाक आणि सहाशे मीटर

सीबीएसईच्या बारावीला शारीरिक शिक्षण हा विषय घेणाऱ्यांना एक छोटं गणित शिकावं लागतं. एक मुलगा बाकावर पाच मिनिटं चढउतार करतो. थांबल्यावर मध्ये थोडी थोडी उसंत देऊन त्याची नाडी तीनदा, अर्धा-अर्धा मिनिट मोजतात. ठोके भरतात ८०, ६५ आणि ५५. आता तीनशे सेकंदांना शंभरने गुणायचं आणि ठोक्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. उत्तर ७५. नव्वदीच्या वर गेला तर उत्तम, पंचावन्नच्या खाली आला तर कच्चा. गणित इतकं सोपं की पेपरात ते आलं तर मुलं खूश होतात. बाक मुलांसाठी वीस इंच, मुलींसाठी सोळा. चढउताराचा वेग मिनिटाला तीस. जोगेश्वरीच्या रेल्वे पुलाची पायरी याच्या निम्मीसुद्धा नाही. मेघवाडीतल्या किंवा बांद्रेकरवाडीतल्या एखाद्या मुलीने हे घरी करून बघायचं ठरवलं तर आधी स्टूल शोधावं लागेल, मग ते ठेवायला जागा, आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकूंची परवानगी.

म्हणून बहुतेक जण पाठ करतात. ‘हार्वर्ड स्टेप टेस्ट, १९४३, ब्रूहा.’ हा ब्रूहा कोण, हे विचारायची पद्धत नाही.

ल्युसियाँ ब्रूहा हा बेल्जियन डॉक्टर. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या तळघरात १९२७ पासून ‘थकव्याची प्रयोगशाळा’ चालत होती. माणूस दमतो म्हणजे त्याच्या शरीरात नेमकं काय होतं, कारखान्यातल्या कामगाराकडून किती काम घेता येईल, हे तिथले प्रश्न. तळघराची जागा सूचक होती: ज्या इमारतीत उद्याचे मॅनेजर घडत होते तिच्याच पायाशी कामगाराचा घाम मोजला जात होता. युद्ध आलं आणि कामगाराच्या जागी सैनिक आला. हजारो तरुणांतून दमदार कोण, हे महागड्या यंत्राशिवाय आणि झटपट ठरवायचं होतं. बाक, घड्याळ आणि नाडीवरचं बोट एवढ्यावर भागणारी ब्रूहाची चाचणी त्या घाईतून आली. प्रयोगशाळा १९४७ मध्ये बंद झाली. बाक मात्र शाळेत पोचलं.

त्याच अभ्यासक्रमातला बीएमआय आणखी जुना, आणि तोही एका बेल्जियन माणसाचा. अ‍ॅडॉल्फ केतले हा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुकांची सरासरी काढता काढता त्याला ‘सरासरी माणूस’ सापडेल असं वाटू लागलं. वजन हे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्याने १८३०च्या दशकात मांडलं. लठ्ठपणा हा त्याचा विषयच नव्हता. बीएमआय हे नाव दिलं अँसेल कीझने, १९७२ मध्ये. आणि हा कीझ तरुणपणी त्याच थकव्याच्या प्रयोगशाळेत काम करून गेलेला.

अभ्यासक्रमातल्याच सहाशे मीटर धाव-चालीची गोष्ट तर राजकारणाची आहे. १९५४ मध्ये हान्स क्राउस आणि रूथ हिर्शलँड यांनी स्नायूंच्या किमान ताकदीच्या सहा सोप्या कसोट्या घेऊन अमेरिकन आणि युरोपियन मुलांची तुलना प्रसिद्ध केली. अमेरिकन मुलं ५७.९ टक्के नापास, युरोपातली फक्त ८.७. शीतयुद्ध ऐन भरात होतं. अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यापर्यंत आकडे गेले आणि १९५६ मध्ये युवकांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं. पाठोपाठ शारीरिक शिक्षकांच्या अमेरिकन संघटनेने चाचणीसंच तयार केला. त्यात ५० यार्डांची धाव होती आणि ६०० यार्डांची धाव-चाल, म्हणजे दम लागला तर चालायची मुभा. आपल्याकडच्या ‘खेलो इंडिया’ चाचणीत ५० मीटर धाव आणि ६०० मीटर धाव-चाल आहे. वंश उघड आहे. यार्डाचा मीटर झाला तेव्हा लांब धावेत आपल्या पोरांच्या वाट्याला पन्नासेक मीटर जास्त आले, एवढाच फरक.

भारतानेही हे सगळं त्याच सुमारास उचललं, पण थेट नाही. मधला दुवा मराठी आहे. सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद सेनेचे सेनानी. पुढे खासदार आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. फाळणीत विस्थापित झालेल्या मुलांसाठी त्यांनी १९५४ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, गाणी, सामुदायिक व्यायाम असा तिचा बाज होता. १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम आली: धावा, उड्या मारा, आणि एक, दोन किंवा तीन तारे मिळवा. मग कुंझरू समितीच्या शिफारशीने हे सगळे प्रवाह एकत्र करून १९६५ मध्ये राष्ट्रीय तंदुरुस्ती दल उभारलं गेलं. चीनशी युद्ध होऊन तीनच वर्षं झाली होती. शाळेच्या पटांगणावर ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ यांचा आवाज एवढा मोठा का, याचं उत्तर इथे आहे.

आता इथवरचा मागोवा वाचून कोणालाही वाटेल की आपल्याकडे तालमी होत्या आणि व्यायामाचं शास्त्र बाहेरून आलं. मला हे मान्य नाही, आणि त्याचा पुरावा जोगेश्वरीपासून फार दूर नाही. गोरेगाव, मालाड, कांदिवली.

पण आधी बडोद्याला जायला हवं. तिथे जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकरावांनी संघव्यायाम रुजवला. एका पहिलवानाला घडवण्याऐवजी शेकडो मुलांना एका तालावर हलवायचं, हा विचार शाळेच्या कामाचा होता. त्यांच्याकडे १९०७ पासून तीन वर्षं शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला, म्हणजे परीक्षेतही पक्का. पुढे माळसरच्या माधवदास महाराजांकडे त्यांनी योग शिकला, आणि त्यानंतर जे केलं ते तोवर फारसं कोणी केलं नव्हतं. ते योग्यांना घेऊन बडोद्याच्या रुग्णालयात गेले आणि उड्डियान बंध, नौली चालू असताना क्ष-किरणांखाली आणि दाबमापकाने पोटात काय होतं ते पाहिलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, असं त्यांना आढळलं. त्या निर्वाताला त्यांनी गुरूचं नाव दिलं: ‘माधवदास व्हॅक्युम’. हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झालं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचं त्रैमासिक निघालं. हार्वर्डचं तळघर तीन वर्षांनी सुरू व्हायचं होतं.

मुंबई प्रांतात १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. शाळांतल्या शारीरिक शिक्षणाचं काय करायचं हे ठरवायला जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष कुवलयानंद होते. शिक्षकच नसतील तर तास कोण घेणार? म्हणून १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ, हेच पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचेही पहिले प्राचार्य झाले. त्या काळी कांदिवली म्हणजे गाव होतं. जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज १९३० पासून उभं होतं, उपनगरातलं पहिलं सरकारी कॉलेज. एकाच रेल्वेमार्गावर, तीन स्टेशनांच्या अंतराने, आठ वर्षांत सरकारने दोन गोष्टी उभ्या केल्या: एकीकडे बी.ए.चा अभ्यास, दुसरीकडे दंड-बैठकांचा. पहिल्याची पदवी आजोबा चौकटीत लावून ठेवत. दुसरीकडून जो बाहेर पडला तो ‘पी.टी.चे सर’ झाला, आणि गणिताच्या सरांना पोर्शन संपवायचा असला की पहिला बळी त्याच्या तासाचा गेला.

ज्ञानाची कमतरता होती म्हणावं तर तेही नाही. बडोद्याच्याच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढायला घेतला आणि पुढच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो दहा खंडांत पूर्ण केला. मराठीत, सचित्र. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसनं, शरीररचना, आहार. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकं करून आली होती. दहा खंडांचा विषय ज्या भाषेत लिहून तयार होता, त्या भाषेत तो मार्कांचा विषय काही झाला नाही. राज्य मंडळाने आरोग्य व शारीरिक शिक्षण सक्तीचं केलं, पण गुण ठेवले नाहीत, श्रेणी ठेवली. टक्केवारीत ती धरली जात नाही. दहावी-बारावीच्या मराठी घरात टक्केवारीबाहेरच्या गोष्टीला कोण विचारतं?

सीबीएसईने उलट केलं. ७० गुणांचा लेखी पेपर, ३० गुणांचं प्रॅक्टिकल. त्या तिसात तंदुरुस्ती चाचणीला ६, खेळातल्या कौशल्याला ७, योगाला ७, रेकॉर्ड फाइलला ५ आणि तोंडी परीक्षेला ५. गुण आले तसा अभ्यास आला, गाइडं आली, क्लास आले. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये टक्का वर काढणारा विषय म्हणून तो घेतला जातो, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही, संस्कृतही आपल्याकडे याच कारणासाठी घेतात. विनोद इतकाच की सतरा वर्षांची पोरं रिकली आणि जोन्स यांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची चाचणीही तोंडपाठ करतात: अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं वगैरे. घरात आजी असते. तिच्यावर ती करून बघितली तर पेपरातला निदान एक प्रश्न कायमचा लक्षात राहील.

जोगेश्वरीत दोन्ही प्रकारची मुलं एकाच इमारतीत राहतात. सीबीएसईवाला जिने चढता चढता ‘ऑक्सिजनचं कर्ज’ आठवतो, कारण ते तीन मार्कांना येऊ शकतं. राज्य मंडळाच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर एक अक्षर छापलेलं असतं आणि त्याने ते कधी नीट पाहिलेलंही नसतं. तो पुढे पोलीस भरतीचा फॉर्म भरतो, पहाट फुटायच्या आत मैदान गाठतो. तिथे १६०० मीटर धावेला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. पन्नासातले निम्मे मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेला बसता येत नाही. शारीरिक शिक्षणाचे मार्क त्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथे पडतात, आणि आपली नाडी किती वेळात खाली येते हे त्याला तोवर कोणी मोजायला शिकवलेलं नसतं.