स्टिअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण

* १९३० ते १९५०च्या दरम्यानच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हॉर्नचं बटण आणि दिव्यांची कळ स्टिअरिंगच्या मधोमध, दांड्यातून खाली जाणाऱ्या स्थिर नळीवर बसवलेली असे. तारा या नळीतूनच जातात. खाली स्टिअरिंग बॉक्सपाशी एक नट तिला आवळून धरतो. तो सैल पडला, की नळी चाकाबरोबर फिरू लागते, तारांना पीळ बसतो आणि जुनं कापडी वेष्टन फाटतं. उघडी पडलेली हॉर्नची तार नळीला टेकली, की हॉर्न आपोआप वाजत सुटतो. अशा वेळी नुसतं बटण बदलून भागत नाही, तारा बदलाव्याच लागतात. आधी बॅटरी सोडवावी आणि प्रत्येक तारेवर खूण करावी. नट सोडताच बॉक्समधलं तेल गळतं, म्हणून खाली भांडं ठेवावं.