प्रत्युत्तराचा अधिकार

नाटकातील संवाद शिकवताना उत्तर देणारे पात्र आम्ही गृहीतच धरतो. बिनतारी यंत्रांच्या इतिहासात मात्र हे पात्र उशिरा अवतरले. १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींत रेडिओ वापरात आणला, तेव्हा मोटारीतल्या शिपायाला केवळ ऐकता येत असे. मुख्यालयाला काही कळवायचे तर वाटेत टेलिफोन शोधणे भाग होते. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन शहराच्या पोलिसांनी मोटारीत प्रक्षेपकही बसवला आणि शिपाई जागेवरून उत्तर देऊ लागला.

ही सोय भरवशाची होण्यास आणखी काही वर्षे गेली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये पेटंट मिळवलेल्या एफएम पद्धतीमुळे आवाजातील खरखर कमी झाली. तिच्या आधारे प्राध्यापक डॅनियल नोबल यांनी कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी आखलेली दुतर्फा यंत्रणा १९४० मध्ये कार्यरत झाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या पाठीवर आलेला वॉकी-टॉकीही नोबल यांच्याच देखरेखीखाली घडला.

एक अडचण उरलीच होती. व्हीएचएफ लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात; मध्ये डोंगर आला की पाच वॅटचा हातसंच निरुपयोगी ठरतो. यावरचा उपाय त्या डोंगराच्याच माथ्यावर सापडला. तेथे बसवलेला रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि तेच बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर अधिक शक्तीने प्रक्षेपित करतो. हौशी चालकांच्या दोन मीटर पट्ट्यात या दोहोंत सहसा ६०० किलोहर्ट्‌झचे अंतर असते. स्वतःच्याच प्रक्षेपणाने त्याचा ग्राहक बहिरा होऊ नये, म्हणून त्याला डुप्लेक्सर नावाची गाळणी जोडावी लागते.

वापरणाऱ्याने आपल्या संचात हे अंतर, ते अधिक की उणे, आणि बहुतेक ठिकाणी रिपीटरला जागे करणारा एक मंद स्वर भरायचा असतो. यातले काही चुकले, तर त्याला इतरांचे सारे ऐकू येते. त्याचे मात्र कोणालाच ऐकू जात नाही. तो पुन्हा डेट्रॉइटचा शिपाई होतो!

सारे नीट जुळले तरी रिपीटरवर एका वेळी एकच आवाज मावतो. म्हणून कळ दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, थोडक्यात आटपावे, आणि प्रत्येक बोलण्यानंतर थोडी मोकळी जागा सोडावी, असा तेथील शिष्टाचार आहे. ती जागा समोरच्या माणसासाठी नसते. ज्याला तातडीचे काही सांगायचे आहे, अशा अनोळखी तिसऱ्यासाठी ती असते.

२६ जानेवारी २००१ रोजी भुजमध्ये भूकंपाने दूरध्वनी व्यवस्था कोलमडली, तेव्हा हौशी रेडिओचालक आपले संच घेऊन कच्छमध्ये पोहोचले. अशा वेळी डोंगरावरचा रिपीटर असतो किंवा नसतो. तोही पडू शकतो, त्याची वीज जाऊ शकते. थांबण्याची सवय मात्र माणसाबरोबर जाते. प्रत्युत्तराचा अधिकार यंत्राने दिला खरा, पण तो टिकतो इतरांच्या मौनावर, असे आम्हांस वाटते. संवाद शिकवताना त्या सोडलेल्या क्षणाकडेही आपण विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावयास हवे.