पाण्यांतील अदृश्य व्यवस्था

शास्त्राचा इतिहास म्हणजे शोधांची सालवार यादी, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. एखादी गोष्ट डोळ्यांपुढें असूनहि दीर्घकाळ ओळखतां कां आली नाहीं, हा प्रश्न त्या यादींत बसत नाहीं. आणि आमच्या मतें खरा इतिहास तेथेंच सुरू होतो. स्निग्ध द्रव्यांच्या घनाकृति प्रावस्थेची हकीकत याचें उत्तम उदाहरण होय.

हिंगोली जिल्ह्यांतील जवळा बाजारच्या मोंढ्यांत सोयाबीनचीं पोतीं येतात. त्या दाण्यांचें तेल कारखान्यांत शुद्ध करतांना त्यांत थोडें पाणी मिसळतात, तेव्हां एक चिकट साका वेगळा होतो. त्यांतूनच लेसिथिन मिळतें. त्याच्या रेणूचें डोकें जलप्रेमी व शेपट्या जलद्वेषी असल्यानें, पाण्यांत हे रेणु डोकीं बाहेर व शेपट्या आंत अशी दुपदरी रचना आपोआप करतात. लायडन येथील गोर्टर व ग्रेंडेल यांनीं १९२५ सालीं तांबड्या रक्तपेशींतील स्निग्धांश पाण्यावर पसरून मोजला, तों तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट जागा व्यापतो, असें त्यांस आढळलें. पेशीचें वेष्टनहि दुपदरी असावें, हें अनुमान त्यावरून निघालें.

परंतु सर्वच दुपदर सपाट राहत नाहींत. रेणूची शेपटीकडील बाजू रुंद असेल तर प्रत्येक पदर वांकूं पाहतो. दोन्ही पदरांची ही ओढ एकाच वेळीं भागावयाची तर पृष्ठ घोड्याच्या खोगिरासारखें व्हावें लागतें. अशीं खोगिरें जोडीत गेलें म्हणजे एकच अखंड पापुद्रा तिन्ही दिशांस पसरतो, आणि त्याच्या दोहों अंगांस पाण्याचीं दोन जाळीं परस्परांत गुंतून राहतात, तरी कोठेंहि मिळत नाहींत. हीच ती प्रावस्था. येथें ‘घन’ याचा अर्थ ठोस नव्हे, तर चौरस ठोकळ्याची सममिति असा घ्यावा.

ती ओळखण्यास विलंब कां लागला? १८८८ सालीं राइनित्सर यांच्या निरीक्षणांतून द्रवस्फटिकांचा अभ्यास सुरू झाला, आणि त्यांची मुख्य परीक्षा ध्रुवीभूत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकानें होऊं लागली. थरांच्या व नळ्यांच्या रचना त्यांत रंगांनीं उजळतात. घनाकृति रचना प्रकाशास सर्व दिशांनीं सारखीच; म्हणून तेथें केवळ काळोख दिसतो. जी अत्यंत सुव्यवस्थित, तीच व्यवस्थाशून्य भासावी, असा हा प्रकार. अखेर क्ष-किरणांनीं तिचा उलगडा केला. फ्रान्समध्यें लुझ्झाती व स्पेग्ट यांनीं १९६७ सालीं स्ट्रॉन्शियमच्या निर्जल साबणांत दोन गुंतलेलीं जाळीं दाखविलीं. गणितांत अशा पृष्ठांचा विचार जर्मन पंडित श्वार्त्स यांनीं १८६५ च्या सुमारासच केला होता, आणि १९७० सालीं अमेरिकेंत ॲलन शोएन यांनीं ‘गायरॉइड’ नामक पृष्ठाची त्यांत भर घातली. स्वीडनचे लार्सन यांनीं १९८३ सालीं मोनोओलीन या स्निग्ध द्रव्याच्या प्रावस्थांचा संबंध या पृष्ठांशीं जोडून दिला.

पुढें या ज्ञानाचें काय झालें? १९७९ सालीं पॅटन व केरी यांनीं तेलाच्या थेंबाचें पचन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तेव्हां असाच घट्ट, रंगहीन पदार्थ त्यांस उपजतांना दिसला. १९९६ सालीं लांडाउ व रोझेनबुश यांनीं या पापुद्र्यांत पेशीपटलावरील प्रथिनाचे स्फटिक वाढविले. इतर मार्गांनीं हें काम फार दुष्कर होतें. याच रीतीनें २००७ सालीं, ॲड्रेनलीनचा संदेश घेणाऱ्या एका मानवी ग्राहकाची रचना स्पष्ट झाली. अशा ग्राहकांवरील कार्यासाठीं लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांस २०१२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रचारांतील पुष्कळशीं औषधें याच जातीच्या ग्राहकांवर चालतात.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि विद्यालयांस पैसा देणारेहि विचारतात. श्वार्त्स यांस तो विचारला असता तर औषधाचें नांव त्यांस खचित सांगतां आलें नसतें; तरी त्यांच्या पृष्ठांवांचून पुढील रचना समजल्या नसत्या. तात्कालिक उपयोगाच्या मापानें विद्येचा भाव ठरविणें म्हणजे घनाकृति प्रावस्था त्या जुन्या सूक्ष्मदर्शकानें पाहणें होय. तेथें दिसणारा काळोख वस्तूचा नसून मापाचा आहे, एवढें तरी आम्हीं आमच्या महाविद्यालयांत शिकविलें पाहिजे.