एका हुद्द्याची हमी

मुंबई इलाख्यातील एतद्देशीय मुलांनी यंत्रविद्या व स्थापत्य शिकावे, अशी इच्छा कंपनी सरकारास प्रथम झाली ती विद्येच्या प्रेमापोटी, असे मानण्याचे कारण नाही. नव्याने हाती आलेल्या मुलखाची मोजणी करावयाची, रस्ते व पूल बांधावयाचे, आणि प्रत्येक कामाला विलायतेहून माणूस आणणे खजिन्यास झेपत नव्हते, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने मुंबईत चालविलेले गणित-शिल्प विद्यालय याच हिशेबातून निघाले. तथापि त्याने ही विद्या मराठीत व गुजरातीत शिकविली, आणि गणिताची पुस्तके नव्हती म्हणून शास्त्र्यांना हाताशी धरून ती स्वतः सिद्ध केली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. ते विद्यालय फार काळ टिकले नाही, आणि उच्च शिल्पशिक्षणाची भाषा पुढे इंग्रजीच झाली.

१८५४ साली पुण्यात एंजिनीयरिंगचा वर्ग निघाला, त्याचा उद्देशही बांधकाम खात्यास दुय्यम दर्जाचे नोकर पुरविणे एवढाच होता. १८६५ साली सर बार्टल फ्रियर याने मुळा-मुठेच्या संगमाजवळ नव्या इमारतीची कोनशिला बसविली, पुढच्या वर्षी संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली, आणि थिओडोर कुक या प्राचार्याच्या दीर्घ कारकिर्दीत तिला कॉलेजाचे रूप आले.

प्रश्न होता तो विद्यार्थ्यांचा. ज्या घरांतून शिकणारी मुले येत त्या घरांची दृष्टी मामलेदारीवर आणि वकिलीवर खिळलेली. साखळी व दुर्बीण घेऊन उन्हातान्हात जमीन मोजीत हिंडणे हे लेखणीच्या मानाने हलके, अशी समजूत रूढ होती. ती व्याख्यानांनी हलली नसती. ती थोडीबहुत हलली ती अशा व्यवस्थेने, की परीक्षेत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास सरकार असिस्टंट एंजिनीयरची नेमणूक देई. ज्या मुलाच्या पाठीशी ना वतन ना वशिला, त्यास शास्त्राच्या महतीपेक्षा या एका हुद्द्याची हमी अधिक पटली असल्यास नवल नाही.

बंगळूरला शिकवण्या करून बी.ए. झालेला विश्वेश्वरय्या नावाचा निर्धन तरुण म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास आला, १८८३ साली एल.सी.ई. या स्थापत्याच्या परीक्षेत पहिला आला, आणि त्या हमीप्रमाणे पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाला. खडकवासला धरणाच्या सांडव्यावर १९०३ मध्ये त्याने बसविलेले दरवाजे असे होते, की पाणी ठरावीक पातळीवर चढताच ते आपोआप उघडत आणि पातळी उतरताच आपोआप मिटत. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढला.

मात्र हमी होती ती पहिल्या पायरीची. वरच्या जागांसाठी इंग्लंडात कूपर्स हिल येथे १८७२ पासून निराळे कॉलेज चालू होते, तेथील बहुतेक विद्यार्थी इंग्रज, आणि ते १९०६ साली बंद झाले तरी वरच्या जागा इंग्रजांनाच देण्याचा खात्याचा रिवाज बंद झाला नाही. मुख्य एंजिनीयरचे पद आपल्या वाट्यास येणार नाही हे ओळखून विश्वेश्वरय्यांनी १९०८ साली मुंबई सरकारची चाकरी सोडली. सरकारने हुशार मुलगा निवडला, नोकरी देऊन राबविला, आणि ऐन उमेदीत गमावला, हा हिशेब पूर्वीच्या हिशेबाइतका रोकडा नव्हता. म्हैसूर दरबाराने त्यांना १९०९ साली मुख्य एंजिनीयर नेमले, तीन वर्षांनी दिवाण केले, आणि १९१७ साली त्यांच्याच दिवाणगिरीत बंगळूरला संस्थानचे स्वतःचे एंजिनीयरिंग कॉलेज उघडले. यापुढे म्हैसूरच्या मुलास शिष्यवृत्ती घेऊन पुण्याची वाट धरण्याचे कारण उरले नाही.